पहिल्या फडक्यातले शंख

आमची वस्ती मोहरीएवढ्या गोगलगाईंच्या सल्ल्यानं चालायची, असं मी बीडमध्ये कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसू देत. त्यांच्या नळाला आठवडा आठवडा पाणी येत नाही, तेव्हा ते कुणाच्या सल्ल्यानं चालतात ते मला माहीत आहे. आमच्या गोगलगाई निदान निवडणुकीला उभ्या राहत नव्हत्या.

नेकनूरच्या पुढं डोंगराकडं एक कच्चा रस्ता वळतो. त्या रस्त्याच्या टोकाला आमची वस्ती. वर पठार, खाली आम्ही, आणि मधल्या उतारावर एका उंबराखाली खडकात खोदलेली कुंडी. कुंडीच्या मागच्या कपारीतून झरा यायचा. फार मोठा नाही, मनगटाएवढा. पण उन्हाळ्यात विहिरींनी तळ दाखवला तरी तो चालू असायचा, आणि त्याचं पाणी वैशाखातही दातांना कळ लावायचं. आसपासच्या गावांत टँकर सुरू झाले की आम्ही जरा ताठ चालायचो.

त्या पाण्याबरोबर शंख यायचे. सोयाबीनचा फडशा पाडतात त्या शेतातल्या गोगलगाई वेगळ्या, त्यांच्याशी यांचं काही नातं नाही. हे शंख मोहरीएवढे, काही तर त्याहून बारीक, पांढरे आणि इतके पातळ की आतला जीव काळसर ठिपक्यासारखा दिसायचा. ते कुंडीत राहत नसत. डोंगराच्या पोटात, खडकाच्या फटींतून जिथं पाणी मुरतं तिथं त्यांचं घर, आणि तिथून एखाददुसरा वाहत बाहेर यायचा. आमच्याकडे त्यांना नुसतं 'शंख' म्हणत. देवघरातला शंख वेगळा हे सांगावं लागत नसे, कारण देवघरात शंख असावा एवढी कुणाची ऐपतच नव्हती.

मोठेपणी मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा तसाच एक शंख, दुसऱ्या एका झऱ्यातला, भिंगाखाली धरून पाहिला. डोळे असायला हवेत तिथं काहीच नव्हतं. जन्मभर अंधारात राहणाऱ्याला डोळे हवेत कशाला. मुलांना मी तो दाखवला, मुलं "ईऽऽ" म्हणाली आणि घंटा झाली.

तर झऱ्यावर पाणी भरायची एक रीत होती. सकाळी जी बाई सगळ्यात आधी जाईल तिनं पहिला हंडा जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचा. फडक्यावर जे शंख अडकतील ते फेकायचे नाहीत. फडकं उलटं करून झऱ्याच्या तोंडाशी पाण्यात धरायचं आणि त्यांना परत जाऊ द्यायचं. यात एक गोष्ट होती. जिवंत शंख फडक्याला घट्ट धरून बसतो. झटकलं तरी पडत नाही, बोटानं खरवडलं तर फुटतो. म्हणून फडकं पाण्यात तसंच धरून थांबावं लागायचं, मग एकेक आपल्या मर्जीनं सुटायचा. त्या थांबण्यात बाया बोलून घ्यायच्या. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचा नवरा कुठं पिऊन पडला, कुणाची कोंबडी कुणी खाल्ली. वस्तीतली निम्मी भांडणं त्या थांबण्यात जन्माला आली असतील.

या पहिल्या फडक्यावरून झरा ओळखायचा. शंख पुष्कळ आले म्हणजे डोंगर आतून भरलेला आहे, उन्हाळा निघेल. बेताचे आले तर जपून वापरा. आलेच नाहीत तर काय, हे बोलायची पद्धत नव्हती.

एरवी फडकं कुणीही धरायचं, पण नवरात्रात नाही. घट बसल्यापासून दसऱ्यापर्यंत एकाच बाईनं उपास धरून, ओल्या केसांनी जायचं, फडकं धरायचं आणि सगळ्या बायांसमोर सांगायचं, झरा कसा आहे. देवीचं म्हणून लोक ते करायचे, पण त्यात देवीपेक्षा मुकादमाचा संबंध जास्त होता. दसऱ्याला मुकादम वस्तीवर यायचा आणि ऊस तोडायला कोण कोण येणार ते ठरवून घ्यायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. आमच्याकडं माणसं अशी अवजारानं मोजतात. झरा चांगला असेल तर काही घरं राहायची, ज्वारी-करडई आणि जनावरांवर वर्ष काढायची. झरा बेताचा असेल तर सगळी वस्ती जायची, घरांना काट्या लावून.

आईला जायचं नव्हतं. या सगळ्या हकिकतीत एवढं एकच लक्षात ठेवलं तरी पुरे. आईला पुन्हा ऊस तोडायला जायचं नव्हतं.

तिचा जन्मच फडावरचा, ऊसतोडीच्या रानातला. आजीला कळा सुरू झाल्या तेव्हा बाया उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत तिच्याभोवती लुगडं धरून उभ्या राहिल्या, आणि तिसऱ्या दिवशी आजी पुन्हा मोळ्या बांधायला लागली. लग्न झालं तेही फडावरच्याच ओळखीतून. थंडीत दवानं भिजलेला ऊस, हात कापणारी पानं, डोक्यावर मोळी घेऊन डुगडुगत्या फळीवरून ट्रकमध्ये चढणं. एकदा ती मोळीसकट त्या फळीवरून पडली. तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर नेला की हाड कट्कन वाजायचं. आम्ही भावंडं लहानपणी तिला मुद्दाम हात वर करायला लावायचो आणि आवाज ऐकून हसायचो. तीही हसायची.

मग वस्तीवर दूध संस्था आली. पत्र्याची एक खोली, एक वजनकाटा, फॅट काढायचं यंत्र आणि संस्थेचे सचिव. आईला संस्थेकडून दोन संकरित गाई मिळाल्या, त्याही तिच्या स्वतःच्या नावावर, कारण त्या वर्षी बायांना सभासद करून घ्यायचं ठरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कशावर तरी तिचं नाव लागलं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांनी आवाज चढवला की ती म्हणायची, "हळू बोला. मी सबासद हाय." दादा गप्प बसायचे असं नाही, पण हसायचे. त्या गाईंच्या जिवावर आम्ही दोन-तीन वर्षं फडावर गेलो नाही. मी एका वर्गात सलग वर्षभर बसले, आणि वर्षभर बसलं की गणित समजतं असा मला शोध लागला.

गावरान गाय तहान सोसते. संकरित सोसत नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी घमेलंभर नाही, बादल्या लागतात. एक दिवस पाणी कमी पडलं की दूध लगेच खाली. म्हणजे आईचं घरी राहणं गाईंवर, गाई झऱ्यावर, आणि झऱ्याची बातमी त्या पांढऱ्या दाण्यांवर.

आता दूध संस्थेचीच एक थोरली बहीण होती. पाणी सोसायटी म्हणायचे तिला. दोन्हींचे संचालक बरेचसे तेच. एकच माणूस दोन खुर्च्यांत बसू शकतो हे मी तिथंच पाहिलं. पाऊस ओढ देऊ लागला तसं सोसायटीनं पठारावर बोअर पाडायचं ठरवलं. पठारावर जमिनी कुणाच्या, हे सांगायची गरज नाही. बोअरच्या पूजेला सभासद म्हणून आईलाही बोलावणं होतं. ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून गेली, नारळ फुटल्यावर तिनं टाळ्या वाजवल्या आणि आमच्यासाठी पदरात फरसाण बांधून आणलं. आम्ही ते वाटून खाल्लं. बोअरला पाणी लागलं, चांगलं लागलं, आणि पठारावर ऊस उभा राहिला. खाली आम्ही दुसऱ्यांच्या मुलुखात ऊस तोडायला जावं लागू नये म्हणून झरा जपत होतो, आणि वर आमच्याच डोक्यावर ऊस डोलत होता. तेव्हा यात कुणाला काही विपरीत वाटलं नाही. पठारावर बोअर चालू झाले म्हणून डोंगराच्या पोटात काय होतं, हा विचारच कुणाच्या डोक्यात नव्हता. वरचं पाणी त्यांचं, खालचं आपलं, अशी वाटणी झाल्यासारखं सगळे वागत होते.

बोअर पाडल्याच्या पुढच्या साली पावसानं मृगात तोंड दाखवलं आणि पुढं पाठ फिरवली. पोळ्याला बैल धुवायला ओढ्यात पाणी नव्हतं. झरा चालू होता, पण मनगटाचा करंगळीएवढा झाला होता. पहिल्या फडक्यावर शंख कधी दिसायचे, कधी नाही. बाया एकमेकींना विचारायच्या नाहीत. हंडा भरायच्या आणि जायच्या. मुकादम मात्र दसऱ्याची वाट न पाहता दोनदा येऊन गेला. दुष्काळ पडला की त्याला वस्त्या गोड लागायच्या.

नवरात्रात फडकं धरायचा मान आमच्या थोरल्या काकूचा. काकू म्हणजे आईची मोठी जाऊ. आमच्या शेजारीच तिचं घर. तिची सून पोटुशी होती आणि तिला फडावर न्यायचं नाही असं काकूनं सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं. पण त्या वर्षी काकूचे गुडघे इतके धरले की कुंडीच्या पायरीवर तिला बसता येईना. तिनं फडकं आईच्या हातात दिलं.

"तू धर औंदा," ती म्हणाली. "तुजा हात हलका हाय."

घट बसले त्या सकाळी मी आईबरोबर गेले. शाळेला सुट्टी होती आणि हंडे वाहायला हात हवेच होते. कुंडीभोवती बाया जमल्या होत्या. काकू काठी टेकत आली होती आणि उंबराच्या मुळीवर बसली होती. आईनं हंडा झऱ्याखाली धरला. करंगळीएवढ्या धारेला हंडा भरायला वेळ लागला. मग तिनं घागरीच्या तोंडावर फडकं ताणून हंडा ओतला.

फडकं पांढरं झालं. मी आयुष्यात इतके शंख एकदम पाहिले नव्हते. ज्वारीच्या कण्या सांडाव्यात तसे ते पसरले होते, एकावर एक. एक बाई "आई गं" म्हणाली. दुसरीनं तिथंच हात जोडले. आईनं फडकं उचललं, सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि म्हणाली, "लई हायत बाई. लई हायत औंदा."

बायांना हसू फुटलं. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी कुणाच्या कपाळाला हळद लावली. काकूनं बसल्या जागेवरून झऱ्याकडं हात केला आणि कानशिलावर बोटं मोडली.

मी आईच्या शेजारीच होते. तिनं फडकं उलटं केलं आणि झऱ्याच्या तोंडाशी नेलं. पाण्यात धरून थांबायची वेळच आली नाही. फडकं पाण्याला लागायच्या आधीच, नुसतं उलटं होताना, सगळे शंख सरसर गळाले आणि कुंडीत पडले. फडकं कोरं. एकही धरून राहिला नाही. ते पाण्यावर क्षणभर तरंगले. जिवंत शंख कधी तरंगत नाही, सरळ तळाला जातो. आईनं हातानं पाणी हलवलं आणि ते इकडंतिकडं गेले. मग तिनं फडकं पिळून खांद्यावर टाकलं.

वाटेत मी म्हणाले, "आई, ते चिकटले न्हाईत."

"गप चल. हंडा सांडशील."

"पण आई, एक बी..."

"तुला गप चल म्हणलं ना?" तिनं मागं वळून पाहिलं नाही. तिची पाठ मला अजून दिसते, ओल्या केसांनी भिजलेली, डोक्यावर घागर, उजवा हात खांद्याच्या खालीच.

पुढचे दिवस तसेच. शंख येत राहिले, दसऱ्याच्या आदल्या दिवशी तर सगळ्यात जास्त. आई रोज उचलून दाखवायची, रोज म्हणायची, लई हायत. पण फडकं उलटं करताना ती आता बायांकडं पाठ करून बसायची. झऱ्याची ओटी भरली. वस्तीवर इतके दिवस धरून ठेवलेला श्वास सुटल्यासारखं झालं. दादांनी गोठ्याच्या कुडाला नवीन तुराट्या लावल्या. आईनं दुधाची कॅन राखेनं घासून अशी लखलखीत केली की सचिवांनी विचारलं, लग्नकार्य आहे का. ती आनंदात होती, आणि मला तिची भीती वाटत होती. रात्रंदिवस कामाला लागलेली, हातात काहीतरी धरलेलीच. रिकामी बसली तर कुणी काही विचारेल असं तिला वाटत असावं.

दसऱ्याला मुकादम आला. दादा म्हणाले, "औंदा आमचा कोयता न्हाई." काकूच्या घरानं तेच सांगितलं. ज्यांचं ठरता ठरत नव्हतं अशा आणखी काही घरांनी पहिल्या फडक्याच्या जोरावर तेच सांगितलं. मुकादम म्हणाला, "पाऊस नसताना राहता? धाडस हाय तुमचं." आणि दुसऱ्या गावांतली माणसं घेऊन त्यानं टोळी भरली. ट्रक गेले. राहिलेल्या घरांतल्या बाया ट्रकच्या धुळीकडं पाहत उभ्या होत्या, आणि खरं सांगते, त्यांच्या तोंडावर जरा मिजास होती.

दिवाळीच्या आत झरा बंद झाला.

एकदम नाही. आधी धार तुटायला लागली, मग थेंब, मग कपार नुसती ओली राहिली, मग तीही कोरडी. कुंडी उपसून तळ गाठला तेव्हा तळावर शंखांचा थर होता, बोटभर जाड. मी मूठ भरून उचलली. काही वजनच नव्हतं. रिकामी टरफलं, आत कुणी नाही.

मी काही शास्त्रज्ञ नाही. पण पुढं जे वाचलं आणि विहिरी उपसताना जे पाहिलं त्यावरून मला वाटतं ते असं. पठारावरचे बोअर खडकातलं पाणी वरून ओढत होते. फटी आतून कोरड्या पडत गेल्या, शंख तिथंच मेले, आणि जे थोडं पाणी खाली उतरत होतं ते त्यांची टरफलं वाहून आणत होतं. म्हणजे फडकं जितकं भरलेलं, तितका डोंगर रिकामा. आमच्या रीतीत हे कुठंच नव्हतं. रीत घातली त्या बायांनी भरलेला डोंगर पाहिला होता, आटणारा पाहिला होता, पण वरून उपसला जाणारा डोंगर त्यांनी कुठं पाहिला असणार. तरी एक गोष्ट त्यांनी शिकवून ठेवली होती, की जिवंत शंख धरून बसतो. ती आमच्यातल्या प्रत्येकीला ठाऊक होती.

गाईंचे हाल पाहण्यासारखे नव्हते. आई टँकरच्या रांगेत घागरी लावायची आणि माणसांच्या पाण्यातलं गाईंना पाजायची. त्यावरून शेजारणींशी भांडणं झाली. टँकरही पाणी सोसायटीच्याच बोअरवर भरून यायचा, हे तर सांगायचंच राहिलं. आमच्याच झऱ्याचं पाणी टाकीतून आमच्याकडं यायचं आणि आम्ही ड्रायव्हरला "दादा, एक घागर वाढवा" म्हणायचो. दूध आटलं. संस्थेची गाडी वस्तीपर्यंत यायची बंद झाली, इतक्याशा दुधासाठी परवडत नाही म्हणून. सचिवांनी कुलूप लावलं आणि जाताना आईला म्हणाले, "पाऊस पडला की पुन्हा सुरू करू, सभासद तर तुम्ही आहातच."

गाई नेकनूरच्या बाजारात गेल्या. आई बाजारात गेली नाही. दादा दावी नुसती हातात घेऊन परत आले आणि ती कुडाला टांगली. आई त्या दिवशी चुलीपुढून उठली नाही. मला तिचा राग आला होता. इतका, की मी तिनं वाढलेलं ताट सरकवून दिलं. एक बोलणं, पहिल्याच सकाळी एक खरं बोलणं, तर आम्ही चांगल्या टोळीत गेलो असतो, गाई वेळेवर निघाल्या असत्या, काकूच्या सुनेला माहेरी पाठवता आलं असतं. मी हे तिला बोलले नाही, पण तिला ते ऐकू येत होतं. आणि दादा काहीच म्हणाले नाहीत, याचा मला आणखी राग आला. त्यांनी एकदा तरी ओरडायला हवं होतं.

आता जायचं म्हटलं तर चांगले मुकादम निघून गेलेले. उरलेला एक होता, ज्याच्याकडं कुणी दुसऱ्यांदा जात नाही असा. त्याच्या टोळीला दूरचा कारखाना, कर्नाटकाच्या बाजूचा, आणि ऊस तोडून पुन्हा लांबच्या ट्रकपर्यंत डोक्यावरून वाहायचा. राहिलेल्या सगळ्या घरांनी त्याच्याकडं नावं दिली. आईनंही. मीही नाव काढून शाळा सोडली. बाईंनी विचारलं, पुन्हा कधी येशील. मी म्हणाले, झरा आला की. त्या नेकनूरच्या नव्हत्या, त्यांना वाटलं मी चेष्टा करते.

जायच्या सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, ज्वारीची पोती, कोंबड्यांची खुराडी आणि त्यांच्यावर माणसं. थंडी पडली होती. काकूला दोघांनी उचलून चढवलं. तिची सून तिच्याशेजारी, पोट धरून, पोत्याला टेकून बसली. आई समोर. मी आईच्या पायांशी. ट्रॅक्टर कच्च्या रस्त्यावरून हिसके देत निघाला. उजवीकडं उंबर दिसत होता. सगळ्यांनी तिकडं पाहायचं टाळलं.

नेकनूरच्या रस्त्याला लागल्यावर काकूच सुरुवातीला बोलली. "झऱ्यानं दगा दिला बाई आपल्याला," ती म्हणाली. "देवीनं तोंड फिरवलं."

मला वाटलं, ती यावरही मान हलवेल आणि ते तसंच राहील, झऱ्याच्या नावावर. मी तिच्याकडं पाहतच नव्हते. पण ती म्हणाली, "झऱ्यानं न्हाई, आक्का. मी दिला."

"ते मेलेले व्हते," आई म्हणाली. "पयल्या दिसापासून. फडकं उलटं केलं की गळत व्हते. मला दिसत व्हतं. मी लपवलं." तिचा आवाज रडका नव्हता. बाजारात काही हरवलं तर माणूस कुठं ठेवलं होतं ते सांगतं, तसं तिनं सांगितलं. "मला यायचं नव्हतं, आक्का. म्हणून."

मी काकूच्या तोंडाकडं पाहिलं. ती आता शिव्या देईल, सुनेच्या पोटावर हात ठेवून आईला तळतळाट देईल, असं मला वाटलं, आणि द्यावा असंही वाटलं. काकूनं पदरानं तोंड पुसलं.

"आमी काय आंधळ्या व्हतो का तिथं?" ती म्हणाली. "तीस वर्सं फडकं धरलं मी. पाण्यात धरून थांबली न्हाईस, ते मला दिसलं न्हाई व्हय?"

मागं बसलेली एक बाई, त्या सकाळी जिनं हात जोडले होते ती, खाली पाहत म्हणाली, "मला बी दिसलं व्हतं." न्हाई असं कुणीच म्हणालं नाही.

"मंग कावून बोलला न्हाईत?" आईचा आवाज आता फुटला. "आक्का, तू तरी कावून बोलली न्हाईस?"

काकूनं सुनेच्या अंगावरची गोधडी नीट केली. ट्रॅक्टरनं एक खड्डा घेतला आणि सगळे एकमेकांवर आदळले, सून कण्हली. काकूनं तिला धरलं आणि मग आईकडं न पाहताच म्हणाली, "तू त्या दिशी न्हाई म्हणली आसतीस ना, तर आमी सगळ्यांनी मिळून तुलाच खोटं पाडलं आसतं."